एकच जाहिरात किती वेळां?

छत्तीस वर्षें शिक्षकाचा धंदा केल्यावर मनुष्याला एक संवय जडते, ती म्हणजे कोणतीहि गोष्ट पुन्हां पुन्हां सांगण्याची. पाढे, शुद्धलेखनाचे नियम, इतिहासांतल्या सनावळ्या यांचा उच्चार मीं वर्गांत किती वेळां केला असेल याची मोजदाद नाहीं. परंतु या संवयीबरोबर दुसरेंहि एक ज्ञान शिक्षकाला हळूहळू येतें. एकदां सांगितलेलें मुलांच्या कानांवरून जातें. दुसऱ्यांदा सांगितलें म्हणजे तीं मान वर करतात. तिसऱ्या खेपेस पुष्कळांना तें समजतें. आणि सातव्या-आठव्या खेपेस शेवटच्या बांकावरचा विद्यार्थी मास्तरांची हुबेहूब नक्कल करूं लागतो. तेथें शिकवणें संपतें आणि करमणूक सुरू होते. ही सीमा नेमकी कोठें आहे हें कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेलें नसतें. ती वर्गाच्या चेहऱ्यावर वाचावी लागते.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे तो वरवर पाहतां शाळेपासून फार दूरचा आहे. मोबाइलवर आणि संगणकावर आपण कांहीं वाचूं, ऐकूं किंवा पाहूं लागलों कीं मध्यें ज्या जाहिराती येतात त्यांचा हा विषय. त्या किती असाव्यात, एकच जाहिरात एका मनुष्यास किती वेळां दाखवावी, आणि ती दाखवितांना पाहणाऱ्याच्या जिवाचा कितपत विचार व्हावा, हे प्रश्न आज जगांतल्या मोठमोठ्या कंपन्यांना पडलेले आहेत. त्यांच्यापुढेंहि एक वर्गच बसलेला आहे. फरक एवढाच कीं, त्यांना वर्गाचा चेहरा दिसत नाहीं.

आमच्या घरांत घडलेली एक हकीकत सांगतों, म्हणजे मी या विषयाकडे कसा वळलों तें कळेल. माझे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असूं, अर्धांगवायूनें अंथरुणाला खिळले. त्यांना घरांतल्या घरांत फिरवितां यावें म्हणून चाकांची खुर्ची घ्यावयाचें ठरलें. किंमतींचा अंदाज घ्यावा म्हणून मीं वहिनींच्या मोबाइलवर दोन-तीन दुकानांचीं पानें पाहिलीं. कारण माझ्या फोनची कांच लहान आणि माझे डोळे सासष्ट वर्षांचे. खुर्ची मात्र आम्हीं गांवांतल्याच एका दुकानांतून रोख पैसे देऊन आणली. दादांनीं ती जेमतेम सात आठवडे वापरली. आषाढांत ते गेले.

वहिनींना सकाळीं मोबाइलवर अभंग ऐकण्याची संवय आहे. दादा गेल्यावर पंधरा दिवसांनीं त्यांनीं प्रथमच तो हातांत घेतला, आणि अभंगाच्या आधीं खुर्चीची जाहिरात आली. एक प्रसन्न चेहऱ्याचे वृद्ध गृहस्थ खुर्चींत बसलेले आणि मागें त्यांची पत्नी उभी. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच. बातम्या वाचतांना तीच, पंचांग पाहतांना तीच. चौथ्या दिवशीं वहिनींनीं मोबाइल माझ्यापुढें ठेवला आणि म्हणाल्या, “भावोजी, ह्याला कुणीतरी सांगा हो, खुर्ची आतां नको म्हणून.”

सांगावयाचें कुणाला, हाच प्रश्न होता. त्याचें उत्तर देऊं शकणारा मनुष्य घरांतच होता हें विशेष. दादांचा मुलगा, माझा पुतण्या, याची उपजीविकाच असल्या जाहिरातींवर चालते. भाजीपाल्याचे बाजारभाव, हवामान आणि पिकांवरील रोग यांची माहिती मराठींतून देणारें एक संकेतस्थळ तो चालवितो. वाचकांकडून तो पैसा घेत नाहीं. पानावर ज्या जाहिराती उमटतात त्यांच्यावर त्याचें घर चालतें. आईचें दुःख आणि मुलाची मिळकत यांचा उगम एकच आहे, हें त्या दिवशीं आम्हां तिघांनाहि प्रथम नीट उमगलें. पुढील कांहीं रविवार मीं त्याच्यापाशीं बसून हा सारा व्यवहार समजून घेतला. माझें शिक्षण मॅट्रिकपुरतें. म्हणून जें मला कळलें तें कोणासहि कळेल अशी माझी खात्री आहे.

वर्तमानपत्रांत जाहिरात देणारा जागा विकत घेतो. इंटरनेटवर तो जागा घेत नाहीं, पाहणारा घेतो. आपण एखादें पान उघडतों, आणि तें कांचेवर पुरतें उमटण्यापूर्वीं, सेकंदाच्या एका लहानशा अंशांत, आपल्या नजरेचा लिलाव होऊन जातो. अमुक वयाचा, अमुक शहरांतला, काल चाकांची खुर्ची पाहिलेला मनुष्य आलेला आहे, बोला! असा पुकारा यंत्रें यंत्रांना करतात. जो अधिक बोली देईल त्याची जाहिरात आपल्यापुढें येते. भाव ठरतो तो बहुधा दर हजार दर्शनांमागें. म्हणून संकेतस्थळाच्या मालकाला वाटतें, दर्शनें वाढावीं; एका पानावर दोन जाहिराती असतील तर चार कराव्या. जाहिरात देणाऱ्याला वाटतें, गिऱ्हाइकाच्या मनांत माझें नांव ठसावें. एकदां दाखविली ती दहादां दाखवावी. दोघेहि पाणी उपसतात तें एकाच विहिरींतून, आणि ती विहीर म्हणजे वाचकाचा धीर. विहीर सामाईक असली आणि मोटा अनेकांच्या असल्या म्हणजे काय होतें तें खेड्यांतल्या मनुष्याला सांगावयास नको.

येथें दोन गोष्टींची गल्लत होऊं देऊं नये. पानावर किंवा तासाभरांत एकंदर जाहिराती किती, हा एक प्रश्न. आणि तीच जाहिरात त्याच मनुष्याला किती वेळां, हा दुसरा. पहिल्याची लगाम मुख्यतः संकेतस्थळाच्या मालकाच्या हातांत असते, दुसऱ्याची जाहिरात देणाऱ्याच्या व त्याच्या अडत्यांच्या हातांत. वाचक मात्र दोन्हींचा राग एकाच ठिकाणीं काढतो. तो पान मिटून टाकतो.

ह्या धंद्याची सुरवात फार जुनी नाहीं. २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं ‘हॉटवायर्ड’ नांवाच्या अमेरिकन संकेतस्थळावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची एक आडवी पट्टी झळकली. ती पाहणाऱ्या शंभरांपैकीं चव्वेचाळीस जणांनीं तिच्यावर कळ दाबली असें सांगतात. आज तसल्या पट्टीवर हजारांतून एखादाच बोट ठेवतो. लोक आंधळे झाले काय? एका अर्थानें झाले. १९९८ सालीं राइस विद्यापीठांत बेनवे आणि लेन या संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, लोक जी माहिती शोधीत आहेत नेमकी तीच ठळक पट्टींत मांडून ठेवली तरी त्यांना ती दिसत नाहीं; कारण पट्टी म्हणजे जाहिरात, आणि जाहिरात म्हणजे न पाहण्याची वस्तु, असें डोळ्यांनीं मनाला न विचारतां ठरवून टाकलेलें असतें. या दोषाला त्यांनीं पट्टी-अंधत्व असें नांव दिलें. मला तर हा दोष वाटत नाहीं. मास्तरांच्या आठव्या आवृत्तीच्या वेळीं खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाचाच हा गुण आहे.

लोक पाहत नाहींत म्हटल्यावर ओरडून पाहावयास लावण्याची युक्ति निघाली. मुख्य पानावर टुणकन् उडी मारून येणारी निराळी खिडकी ईथन झुकरमन या गृहस्थानें ‘ट्रायपॉड’ या संकेतस्थळासाठीं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धांत तयार केली. त्याचा हेतु वाईट नव्हता. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराशेजारीं छापली गेली आणि कंपनी रागावली. तेव्हां जाहिरात मजकुरापासून वेगळी दिसावी म्हणून ही सोय केली. पुढें ती किती फोफावली हें आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. २०१४ सालीं झुकरमननें एका मासिकांत लेख लिहून जगाची क्षमा मागितली. तोंवर ब्राउझरांनींच अशा खिडक्यांना दारें बंद केलीं होतीं; २००४ मध्यें मायक्रोसॉफ्टनेंहि ती सोय आपल्या ब्राउझरांत आणली. एकानें ओरडावें, दुसऱ्यानें कानांत बोळे घालावे, मग पहिल्यानें आणखी मोठ्यानें ओरडावें, असा हा तीस वर्षांचा इतिहास आहे.

तर मग एक गोष्ट किती वेळां सांगावी? याचें शास्त्र जाहिरातीहून जुनें आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें १८८५ सालीं स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या माळा तो पाठ करी आणि किती काळानें किती विसरतों तें मोजी. विसरणें प्रथम झपाट्यानें होतें, मग मंदावतें. आणि तीच उजळणी एका बैठकींत करण्यापेक्षां दिवसांच्या अंतरानें केली तर अधिक टिकते, हें त्यानें दाखविलें. १९६८ मध्यें झायोंक या मानसशास्त्रज्ञानें असें सिद्ध केलें कीं, एखादी वस्तु नुसती वरचेवर दिसली तरी ती मनुष्यास आवडूं लागते. ह्या शोधानें जाहिरातवाल्यांना मोठा हुरूप आला असेल! परंतु आवड वाढते ती कांहीं मर्यादेपर्यंत. त्यापुढें कंटाळा तिला गिळून टाकतो, असें पुढच्या अभ्यासकांनीं दाखविलें. गोड पदार्थाचें तसेंच आहे.

जाहिरातीच्या धंद्यांत सर्वांत गाजलेलें उत्तर हर्बर्ट क्रुगमन याचें. १९७२ सालीं त्यानें लिहिलें कीं, तीन दर्शनें पुरेशीं असावीत. पहिल्या दर्शनाला मन विचारतें, हें काय आहे? दुसऱ्याला विचारतें, याचा मला काय उपयोग? तिसरें दर्शन म्हणजे आठवण. आणि त्यापुढचीं सारीं दर्शनें हीं तिसऱ्याचींच आवृत्ति. माझ्या वर्गांतला अनुभव याच्याशीं इतका जुळतो कीं, हा गृहस्थ कांहीं काळ मास्तर असावा असें मला वाटून गेलें. पण क्रुगमनचें एक म्हणणें लोक सोयीनें विसरतात. त्याच्या तीन दर्शनांचा अर्थ ‘तीन वेळां दाखविणें’ असा नव्हता. ज्याला खुर्ची नको आहे त्याच्यापुढें ती वीस वेळां आली तरी तीं सारीं दर्शनें वायां जातात. आणि ज्या दिवशीं त्याला खुर्चीची गरज लागते त्या दिवशीं एकविसावें दर्शनच त्याचें दुसरें ठरतें. मोजावयाचें तें मनांतलें पाऊल, पडद्यावरचें नव्हे. यंत्राला मात्र पडदाच मोजतां येतो.

तें मोजण्याचें साधन म्हणजे कुकी. नांव बिस्किटाचें असलें तरी वस्तु चिठ्ठीसारखी आहे. १९९४ मध्यें नेटस्केप कंपनींतल्या लू मोंटुलीनें ही युक्ति काढली. आपण एखादें पान उघडलें कीं तें आपल्या संगणकांत एक लहानशी चिठ्ठी ठेवून जातें. पुढच्या वेळीं ती पाहून त्याला आपली ओळख पटते. जाहिरात पाठविणाऱ्या कंपन्यांनींहि अशाच चिठ्ठ्या ठेवल्या, आणि त्यांच्या आधारें ‘या मनुष्यास ही जाहिरात दिवसांतून तीनदांच’ अशी मर्यादा घालतां येऊं लागली. ॲपमध्यें कुकीऐवजीं फोनचा एक जाहिरात-क्रमांक असतो; काम तेंच.

मर्यादा घालण्याचें साधन आहे, मग वहिनींच्या पुढें खुर्ची इतक्या वेळां कां आली? पुतण्यानें जें सांगितलें तें असें. मर्यादा माणसाची नसते, यंत्राची असते. मोबाइल, संगणक आणि घरांतला दूरचित्रवाणीचा संच या तिघांवर तोच मनुष्य तीन निरनिराळे मनुष्य होतो. आणि उलट, एका मोबाइलवर सारें कुटुंब मिळून एकच मनुष्य होतें. खुर्ची पाहिली मीं, आणि तिचा पाठलाग झाला वहिनींचा. दुसरें असें कीं, जाहिरात देणारा एक असला तरी अडत्ये अनेक. चार अडत्यांनीं प्रत्येकीं तीनाची मर्यादा पाळली तर सगळे प्रामाणिक, आणि दर्शनें बारा. एकाची वही दुसऱ्यास दिसत नाहीं. तिसरें कारण मला सर्वांत मोठें वाटतें: वस्तु घेतली गेली हें यंत्राला कळलेंच नाहीं, कारण आम्हीं ती दुकानांतून रोखीनें आणली. त्याच्या लेखीं आम्ही अजून दारांत उभे राहून किंमत विचारणारे गिऱ्हाईक होतों. आणि दादा गेले, हें त्याला कळावयाचा मार्गच नव्हता.

एक विपरीत गोष्टहि येथें सांगावयास हवी. आपली पाळत नको म्हणून लोकांनीं ओरड केली, ती योग्यच होती. फायरफॉक्सनें २०१९ मध्यें पाळत ठेवणाऱ्या परक्या कुकींना आपण होऊन अटकाव केला, ॲपलच्या सफारीनें २०२० मध्यें सर्वच परक्या कुकी बंद केल्या. गूगलनेंहि २०२० मध्यें क्रोम ब्राउझरांतून त्या काढण्याचें जाहीर केलें होतें, परंतु २०२४ च्या जुलैंत तो बेत सोडून दिला. आतां गंमत पाहा. चिठ्ठी नाहीं म्हणजे ओळख नाहीं. ओळख नाहीं म्हणजे मोजणीहि नाहीं. ज्यानें आपलें दार घट्ट लावून घेतलें त्याला प्रत्येक फेरीवाला नवीन समजून तीच आरोळी पुन्हां देतो. खाजगीपणा आणि उपद्रवापासून सुटका या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं पूर्णपणें मिळत नाहींत.

जाहिराती वाढविल्यानें नुकसान होतें किती, याचा एक मोठा प्रयोग झालेला आहे, आणि तो श्राव्य कार्यक्रमांसंबंधींचा असल्यामुळें नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष रुचेल. अमेरिकेंत ‘पँडोरा’ नांवाची इंटरनेटवरील संगीत-नभोवाणी आहे. तिनें सुमारें साडेतीन कोटी श्रोत्यांचे नऊ गट पाडले आणि २०१४ ते २०१६ या काळांत एकवीस महिने प्रत्येक गटाला तासांत निरनिराळ्या संख्येनें जाहिराती ऐकविल्या. सर्वांत अधिक जाहिरातींच्या गटाला सर्वांत कमी जाहिरातींच्या गटाच्या दुपटीहून अधिक. निष्कर्ष असा निघाला कीं, तासामागें एक जाहिरात वाढली तर ऐकण्याचा वेळ सरासरी सुमारें दोन टक्के घटतो. एकाच खंडांत अधिक जाहिराती घातल्या काय किंवा खंडांची संख्या वाढविली काय, श्रोत्यांना तासाची एकूण बेरीजच टोंचते. आणि जाहिराती वाढल्यामुळें पैसे भरून जाहिरातमुक्त संगीत घेणाऱ्यांची संख्याहि वाढली. त्यांत वयस्क श्रोते विशेष होते. माझ्या वयाच्या माणसांचा धीर लवकर सुटतो, हें यावरून शास्त्रीय रीत्या सिद्ध झालें म्हणावयाचें.

मीं लागलीच पाटीवर हिशेब मांडला. समजा, तासाला चार जाहिराती आहेत. पांच केल्या तर ऐकणें दोन टक्क्यांनीं घटेल. म्हणजे शंभर तासांत पूर्वीं चारशें जाहिराती जात, आतां अठ्ठ्याण्णव तासांत चारशें नव्वद जातील. तोटा कोठें आहे? पुतण्या हंसून म्हणाला, “काका, म्हणूनच तर सगळे वाढवीत सुटतात!”

हें उत्तर माझ्या मनाला लागून राहिलें, कारण हिशेबांत चूक नव्हती. चूक असलीच तर ती हिशेब मांडण्याच्या आधींच्या गृहीतांत होती. चारशें नव्वद जाहिरातींपैकीं प्रत्येकीची किंमत पूर्वींइतकीच राहील हें कोणीं सांगितलें? ज्या पट्टीकडे कोणी पाहत नाहीं तिला भाव कोण देणार? गूगलच्या तीन संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेला निबंध याच मुद्द्याचा आहे. लोकांना वाईट जाहिराती दाखविल्या तर ते पुढें चांगल्या जाहिरातींकडेहि पाहण्याचें सोडून देतात, आणि चांगल्या दाखविल्या तर अधिक पाहूं लागतात. म्हणजे नजर शिकते. ही शिकवण दिसावयास पुष्कळ काळ जावा लागतो. या अभ्यासावरून गूगलनें मोबाइलवरील शोधाच्या पानांवरचें जाहिरातींचें प्रमाण निम्म्यावर आणलें, आणि दीर्घ मुदतीनें त्यांत कंपनीचा फायदाच आहे असें अनुमान केलें. पँडोराच्या प्रयोगांतहि, तो एका महिन्यांत आटोपता तर परिणाम जेवढा दिसला असता, त्याच्या सुमारें तिप्पट एकवीस महिन्यांनीं दिसला. संकेतस्थळाचा मालक आपली वही पाहतो ती महिनाअखेरीस. बहुतेक सारा घोटाळा या दोन मुदतींच्या अंतरांतून उत्पन्न होतो असें माझें मत आहे.

नियम करण्याचे प्रयत्नहि झालेले आहेत. २०१६ मध्यें जाहिरातदार व संकेतस्थळें यांची एक आघाडी निघाली. तिनें उत्तर अमेरिका व युरोप येथील पंचवीस हजारांहून अधिक लोकांना निरनिराळ्या जाहिराती दाखवून मतें घेतलीं आणि २०१७ च्या मार्चांत कोणते प्रकार असह्य आहेत तें जाहीर केलें: उडी मारून येणारी खिडकी, आपोआप आवाजासह सुरू होणारें चलच्चित्र, मजकुरापूर्वीं सेकंद मोजावयास लावणारा पडदा, लुकलुकणारीं चित्रें, आणि मोबाइलच्या पानाचा तीस टक्क्यांहून अधिक भाग व्यापणाऱ्या जाहिराती. १५ फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर हे नियम मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती गाळूं लागला, आणि ९ जुलै २०१९ पासून हें धोरण जगभर लागू झालें. जाहिराती विकणारी सर्वांत मोठी कंपनी तीच, आणि कोणत्या गाळावयाच्या हें पाहणारीहि तीच. परीक्षेला बसलेल्यानेंच पेपर तपासावा यांतला हा प्रकार आहे. तरीहि उपयोग झाला हें कबूल केलें पाहिजे. मात्र या साऱ्या नियमांत जाहिरातीच्या रूपाचा विचार आहे, आवृत्तीचा नाहीं. नियमांत बसणारी सभ्य जाहिरात वहिनींना शंभर वेळां दाखविली तरी कोणताहि नियम मोडत नाहीं.

आपल्याकडे आकाशवाणीच्या विविध भारतीवर मुंबई, पुणें व नागपूर येथून १९६७ मध्यें जाहिराती सुरू झाल्या, दूरदर्शनवर १९७६ मध्यें. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत तासाला बारा मिनिटें अशी मर्यादा घातलेली आहे. मोबाइलच्या पडद्याला तें घड्याळ लागू नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं ग्राहकांना फसविणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार गणून त्यांना मनाई केली. त्यांत बातमीचा वेष घेऊन येणारी जाहिरात आहे आणि नकार दिल्यावरहि पुन्हां पुन्हां विचारून भंडावून सोडणेंहि आहे. हें पाऊल चांगलें आहे.

आतां पुतण्याची बाजू. ती मीं प्रथम नीट ऐकून घेतली नाहीं हा माझा दोष. मीं त्याला आईच्या दुःखाचा हवाला देऊन बरेंच सुनावलें. तो शांतपणें म्हणाला, “काका, तुम्ही मोबाइलवर रोज बातम्या वाचतां. त्यासाठीं आजवर किती रुपये मोजलेत?” एकहि नाहीं, हें उत्तर मला द्यावें लागलें. शिवाय माझ्या संगणकावर एका जुन्या विद्यार्थ्यानें जाहिराती अडविणारें साधन बसवून दिलेलें आहे, आणि त्यांतून मी पुतण्याचेंच संकेतस्थळ गेलीं दोन वर्षें फुकट वाचीत आलों, हेंहि मला तेव्हांच उमजलें. त्याला सर्व्हरचें भाडें आहे, दोन मदतनिसांचे पगार आहेत. इंग्रजी पानावरील दर्शनापेक्षां मराठी पानावरील दर्शनाला भाव कमी मिळतो, म्हणून जाहिराती अधिक लावण्याचा मोह मराठींत अधिक. जाहिराती सर्वांनींच अडविल्या तर पहिल्यानें मरतील तीं असलीं लहान मराठी पानें. मोठ्या कंपन्यांच्या केसालाहि धक्का लागणार नाहीं.

त्यानें शेवटीं काय केलें तें सांगतों. एका पानावरच्या सहा जाहिरातींच्या त्यानें तीन केल्या. भावांच्या कोष्टकाच्या मध्यें एकहि ठेवली नाहीं. शेतकरी बाजारांत उभा राहून, उन्हांत, एका हातानें तें कोष्टक पाहतो, आणि बोट चुकून जाहिरातीवर पडलें तर त्याचा मिनिटभर वेळ व थोडा डेटा जातो. साऱ्या पडद्यावर पसरणारी जाहिरात तो आतां एका वाचकाला दिवसांतून एकदांच आणि तीहि पान बदलतांनाच दाखवितो. वाक्याच्या मध्यें नाहीं. वर्गांतसुद्धां शिपायानें नोटीस आणली तर मी धडा परिच्छेदाशीं थांबवून मगच ती वाचीत असें. पहिल्या महिन्यांत त्याची मिळकत बरीच उतरली. पांचव्या महिन्यांत ती थोडी सांवरली, पण पूर्वींइतकी अद्याप नाहीं. परत येणारे वाचक मात्र वाढले आहेत असें तो म्हणतो. तालुक्यांतल्या एका रोपवाटिकेनें त्याच्याशीं थेट वार्षिक करार केला. त्या जाहिरातींत लिलावहि नाहीं आणि पाठलागहि नाहीं. मदतनिसांपैकीं एकाचे तास त्याला कमी करावे लागले, हेंहि मी लपवीत नाहीं.

वहिनींच्या मोबाइलचें काम एका रविवारीं केलें. जाहिरातीच्या कोपऱ्यावरील खुणेला स्पर्श केला म्हणजे ‘ही जाहिरात नको’ असें सांगण्याची सोय असते. ती अनेकांना ठाऊक नसते. तिचा उपयोग होतो, पण बेतानेंच. अमेरिकेंत २०१८ च्या डिसेंबरांत एका पत्रकार स्त्रीनें कंपन्यांना उघड पत्र लिहिलें होतें. तिचें मूल पोटांतच दगावलें, आणि बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती थांबेनात. तिनें ‘नको’ म्हणून कळविलें, तेव्हां यंत्रानें मूल जन्मलें असावें असा तर्क केला आणि बाळाच्या गाड्या दाखवावयास आरंभ केला. पुढें गूगलनें २०२० पासून मद्य व जुगार, आणि २०२२ पासून गर्भारपण, मुलांचें संगोपन, वजन घटविणें व विवाहार्थ परिचय या विषयांच्या जाहिराती कमी करून घेण्याची सोय केली. आजारपणाच्या खुर्च्या त्या यादींत नाहींत. म्हणून पुतण्यानें सेटिंगमध्यें जाऊन फोनचा जाहिरात-क्रमांकच पुसून टाकला आणि ब्राउझरांतल्या साऱ्या चिठ्ठ्या काढल्या. त्यानंतरहि खुर्ची दोनदां आली, कोणत्या अडत्याच्या वहींतून कोण जाणे. मग आली नाहीं.

ती खरी खुर्ची आम्हीं शेजारच्या आळींतल्या एका आजींना दिली. वहिनी पुन्हां अभंग ऐकूं लागल्या आहेत. हल्लीं आरंभीं कुठल्याशा मसाल्याची जाहिरात येते. दिवसांत ती तिसऱ्यांदा आली कीं त्या स्वयंपाकघरांतून मोठ्यानें “तीन!” म्हणतात आणि मोबाइल पालथा घालून ठेवतात.